बांध सामायिक, पंप ज्याचा त्याचा

सहकारी कायद्याची कक्षा 1912 साली पतपेढ्यांपलीकडे रुंदावली आणि 1913 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात कर्ला मच्छीमार संस्था उभी राहिली. देशातली मच्छीमारांची पहिली सहकारी संस्था म्हणून तिचा उल्लेख भाषणांत हमखास येतो. पण किनाऱ्यावरचा सहकार पुढे कर्ज, जाळी, बर्फ, डिझेल यांतच रमला. त्याचे लक्ष होडीकडे, तळ्याकडे नव्हे. मत्स्यशेतीला लागणारा सहकार कोकणात याहून जुना आहे आणि तो खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावर सापडतो. ओहोटीला आतले पाणी उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, झडप ढकलून बाहेर पडते, भरतीला खाडीच्याच दाबाने ती मिटते. एकाच्या हद्दीत खेकड्याने पाडलेले भोक दुर्लक्षित राहिले, तर उधाणाला खांड पडून सगळ्यांचे भात खारे होते. म्हणून बांध घालायला सगळे एकत्र येत. त्यात परोपकार फारसा नव्हता, धाक होता. पुढे 1948 आणि 1979 च्या खारभूमी कायद्यांनी बांध सरकारी खात्याकडे नेले आणि तो धाकही सैलावला.

नव्वदच्या दशकात टायगर कोळंबी आली ती अशाच खाडीकाठी, पण बांधाची रीत मागे ठेवून. तळे ज्याचे त्याचे, पंप ज्याचा त्याचा, खाडी मात्र एकच. 1994-95 मध्ये व्हाइट स्पॉटने देशाच्या किनाऱ्यावरची तळी झोपवली. या रोगात कोळंबी कडेला येऊन मलूल पडते, पाठीच्या कवचावर पांढरे ठिपके दिसतात आणि आठ-दहा दिवसांत तळे संपते. घाबरलेला मालक मिळेल तेवढा माल काढतो आणि ब्लीचिंग न करताच पाणी खाडीत सोडतो. पुढच्या भरतीला शेजाऱ्याचा पंप तेच उपसतो. 11 डिसेंबर 1996 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने किनारी पट्ट्यातल्या कोळंबी प्रकल्पांवर बंदी घातली, 2005 च्या कायद्याने नियमनासह वाट मोकळी केली. मात्र नोंदणी एकेका प्रकल्पाची होते, आणि या कायद्याखालच्या पहिल्या नियमांत सांडपाणी शुद्धीकरणाची सक्ती मोठ्या प्रकल्पांनाच होती. लहान तळी बेरजेत खाडीला तितकीच जड जातात, हे नोंदणीच्या कागदावर उमटत नाही.

रोगमुक्त बीज आणले की शेजाऱ्याची गरज काय, असे विचारले जाते. बीज हॅचरीतून निघताना रोगमुक्त असते. तळ्यात तोच खेकडा शिरतो, आणि विषाणू त्याच्याही अंगात राहतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: संस्था म्हटली की अनुदान आले, गट-तट आले. म्हणूनच गावाची किंवा तालुक्याची संस्था नको, एका खाडीचे पाणी उपसणाऱ्यांचा लहान गट हवा. आंध्रात मोगलतुरूच्या शेतकऱ्यांनी बीज एकाच सुमारास सोडणे, पाण्याची खबर एकमेकांना देणे असे साधे करार केले. 2007 मध्ये काकीनाड्याला स्थापन झालेल्या शाश्वत मत्स्यशेतीच्या राष्ट्रीय केंद्राने अशाच गटांची रीत पुढे नेली. कोकणातली तळी विखुरलेली आहेत, हे मान्य. पण त्यामुळे गट छोटे होतील एवढेच.

पुढचे बीज सोडण्याआधी एका खाडीवरच्या तळेवाल्यांनी निदान एकदा बसून पाणी घ्यायचे आणि सोडायचे दिवस लिहून काढावेत. सल्ला हवाच असेल तर शिरगावचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून रत्नागिरीतच आहे.