फोटोखालचं नाव

पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकायला घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो : आधी पोर्टफोलिओ बनव. पंधरा-वीस चेहरे निवड, बाकीचे बाजूला ठेव. मी पुण्यात कोड लिहितो आणि सुट्टीला गावी, कुंडलला, गेलो की कॅमेरा घेऊन फिरतो. पहिल्या पोर्टफोलिओसाठी गावातली म्हातारी माणसं घ्यायची, हे लगेच ठरलं. मग प्रश्न पडला की आपल्याकडे असे चेहरे पहिल्यांदा गोळा कोणी केले, आणि कशासाठी?

उत्तर शोधायला मुंबईत जावं लागतं. तिथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत विल्यम जॉन्सन होता, सरकारी नोकरीतला कारकून. म्हणजे नोकरी सांभाळून फोटो काढणारे आपण काही पहिले नाही. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीत होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

तेव्हाचं तंत्र वाचलं की आपण किती आरामात आहोत ते कळतं. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. मुंबईच्या उकाड्यात काच वाळायच्या आत हे सगळं उरकायचं! समोरच्याने काही सेकंद हलायचं नाही. डोकं स्थिर राहावं म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर का दिसतात, याचं एक कारण हे.

जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड छापले. विषय : मुंबईत राहणारे आणि मुंबईत येणारे लोक. त्यात त्याने माणसांचे फोटो घेतले, आकृत्या कापल्या आणि दुसऱ्याच देखाव्यांवर बसवल्या. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं सगळं धूसर करणाऱ्या आपल्या पिढीला यात नवल वाटायला नको. मला खटकली ती वेगळी गोष्ट. फोटोंखाली ‘नागर ब्राह्मण स्त्रिया’, ‘भाटिया’ असं लिहिलंय. कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ती बाई कोण, तिचं नाव काय, ते कुठेच नाही.

१८५७ च्या उठावानंतर तर सरकारनेच हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ दरम्यान निघाले. त्यांत चारशेहून जास्त फोटो आहेत. बहुतेकांखाली पुन्हा जात किंवा जमात, आणि सोबत तिच्या स्वभावावर शेरा : कोण भरवशाचं, कोण उपद्रवी. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा एक डेटाबेस आहे आणि त्यातली प्रत्येक नोंद माणसाची नसून जातीची आहे. राज्य करणाऱ्याला तेवढीच माहिती लागत होती.

आता कुंडलकडे येऊ. इथे १९४३ नंतर या गोष्टीची दुसरी बाजू दिसते.

कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. आजूबाजूच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्यातच) १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. त्याची सशस्त्र फळी म्हणजे तुफान सेना. तिचे जी. डी. बापू लाड कुंडलचे, आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड हेही कुंडलचेच. ७ जून १९४३ ला यांनी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. अशा माणसाचा चेहरा आणि नाव यांची जोडी पोलिसांच्या हाती लागली, तर पुढे तुरुंग. स्टुडिओत बसून फोटो काढून घेणं ही तेव्हा नुसती चैन नव्हती, जोखीमही होती. पंचवीस वर्षांच्या आतल्या या पोरांचं काम चालत होतं ते सरकारला चेहरे ठाऊक नसल्यामुळे.

त्यांचे चेहरे जगाला जवळून दिसले ते उतारवयात. पी. साईनाथ यांनी ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कॅप्टन भाऊंवर २०१६ मध्ये लिहिलं, तेव्हा भाऊ ९४ वर्षांचे होते. त्याच संग्रहात प्रत्येक जिल्ह्यातले चेहरे गोळा करण्याचा ‘फेसेस’ नावाचा उपक्रम आहे. आठ खंडांसारखाच देशभराचा पसारा, पण फोटोखाली त्या माणसाचं नाव, काम आणि गाव. दीडशे वर्षांत लेन्सपेक्षा मोठा बदल मला या एका ओळीत दिसतो. राज्यकर्त्यांनी जे नाव विचारलं नाही आणि भूमिगतांनी जे लपवलं, ते आता माणसं स्वतःच्या तोंडाने सांगताहेत.

फक्त सांगणारे संपत चाललेत. जी. डी. बापू २०११ मध्ये गेले. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये. आमच्या पिढीच्या कॅमेऱ्यासमोर आता बसतात ते तेव्हाची लहान मुलं असलेले आजी-आजोबा.

त्यांचे फोटो काढायला फार सामान लागत नाही. सोप्याच्या दारातून येणारा सकाळचा उजेड, पन्नासची लेन्स, डोळ्यांवर फोकस. वेळ जातो तो आधीच्या गप्पांत. मी प्रत्येकाला विचारतो, “खाली नाव कसं लिहू?” उत्तरं मजेशीर येतात. एका आजींनी माहेरचं नाव लिहायला लावलं. म्हणाल्या, “ते कुणी घेतच नाही आता.” एका आजोबांना नावापुढे ‘पैलवान’ हवं होतं, आणि ते मी लिहिलं.

नव्वदीतल्या एका आजोबांनी मात्र फोटो काढू दिला, पण वर म्हणाले, “घरात लाव. मोबाईलवर नको टाकू.” कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो आहे. त्याची प्रिंट त्यांच्या घरी भिंतीवर आहे. पोर्टफोलिओत चौदा फोटो आहेत, आणि त्यांत तो नाही.