नोटा सापडल्या, हात गुलाबी झाले, तरी लाचेचा आरोपी अपिलात सुटतो कसा?

लाच घेताना रंगेहाथ पकडलं, अशी बातमी ग्रुपवर आली की गावाला वाटतं, आता हा काही सुटत नाही. खालच्या कोर्टात शिक्षाही होते. मग काही वर्षांनी हायकोर्टातून तो निर्दोष सुटतो आणि पारावर एकच चर्चा, 'मॅनेज झालं'. दरवेळी तसं नसतं. बऱ्याच केसेस 'मागणी' या एका मुद्द्यावर पडतात.

सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फथॅलिन पावडर लावलेली असते. त्या हाताळणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. पण त्यातून एवढंच कळतं की हात नोटांना लागला. पैसे मागितले होते का, कोणत्या कामासाठी, हे पाणी सांगत नाही. आरोपीचा वकील म्हणतो, उसने परत दिले, किंवा बळेच खिशात कोंबले. अपिलात हायकोर्ट सगळा पुरावा पुन्हा तपासतं आणि मागणीबद्दल वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ मधलं कलम २० आरोपीविरुद्ध गृहीत धरायला सांगतं खरं, पण आधी मूळ गोष्टी सिद्ध झाल्यावरच.

आंध्रातलं एक प्रकरण बघा. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मान्यतेच्या नूतनीकरणासाठी ५०० रुपये घेतल्याचा आरोप होता. नोटा सापडल्या, पण खटला उभा राहण्याआधीच तक्रारदार वारला. मागणी सिद्ध झाली नाही आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपीला सोडलं.

मग तक्रारदार वारला किंवा फितूर झाला तर केस संपलीच का? तर नाही. १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की दुसऱ्या साक्षीदारावरून किंवा परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते. गंमत म्हणजे त्याच प्रकरणात मार्च २०२३ मध्ये आरोपी सुटला, कारण तेवढाही पुरावा नव्हता. तिथेही तक्रारदार वारलेला होता.

म्हणून सापळ्यात तक्रारदाराबरोबर जाणारा पंच फार महत्त्वाचा. बोलणं त्याच्या कानावर पडलं पाहिजे. 'बाहेर थांबलो होतो, ऐकू आलं नाही' असं तो कोर्टात म्हणाला की केस ढिली झाली. सापळ्याआधी पंचासमोर मागणीची पडताळणी होते, रेकॉर्डिंग होतं, ते याचसाठी. आणि तक्रारदाराने स्वतःहून पैसे पुढे करू नयेत. समोरच्याने काय कामाचे, किती, हे त्याच्या तोंडून बोलू द्यावं.

पुढे साक्षीची तारीख लागते तोवर भावकी, पुढारी, 'मिटवून टाक' म्हणणारे दारात येतात. तिथे जबाब फिरला तर पंचाची साक्ष आणि रेकॉर्डिंग एवढंच सरकारी वकिलाच्या हातात राहतं.

नाइलाजाने पैसे आधीच दिले गेले असतील, तर सात दिवसांत तक्रार करावी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि मुदतीत कळवलं तर देणाऱ्याला शिक्षा होत नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.