परदेशीपुरा (इंदूर) येथील विद्यार्थी-बिऱ्हाडांतील ऊर्जाबचत

मध्य प्रदेशातील इंदूर शहराच्या गिरणी-भागात, मालवा मिल, पाटणीपुरा व नंदानगर या वस्त्यांच्या सान्निध्यात असलेल्या परदेशीपुऱ्यात, भाड्याच्या खोल्या सामाईक घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा वीज, इंधन व पाणी यांचा वापर आणि त्यातील काटकसरीचे उपाय हा या नोंदीचा विषय होय. शहरातील परीक्षार्थींची मुख्य वस्ती भंवरकुवा भागात आहे. परदेशीपुऱ्यात वसतिगृहापेक्षा घरमालकाच्या माडीवरील खोलीत तिघाचौघांनी बिऱ्हाड करण्याची रीत अधिक, आणि बचतीचा प्रश्न येथे निराळे रूप घेतो तो यामुळेच.

पूर्वपीठिका : होळकर संस्थानाच्या या राजधानीत विजेचा पुरवठा १९०६ साली सुरू झाला. पुढे मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार इत्यादी कापडगिरण्यांभोवती कामगारांच्या वस्त्या दाटत गेल्या. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये दरबारास सादर केलेल्या द्विखंडात्मक अहवालामागे, जुनी वस्ती सरसकट न पाडता हवा व उजेड खेळेल एवढीच तिची काटछाट करावी, हे त्यांचे प्रसिद्ध सूत्र होते. भर दुपारी दिवा लावून अभ्यास करावा लागणाऱ्या खोल्या पाहता त्याची आठवण होते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकित देण्याचा निकाल लागून रक्कम वाटपास येण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. घरातली एखादी खोली भाड्याने देणे हा अशा वस्त्यांत उत्पन्नाचा नेहमीचा जोड-मार्ग होय.

मीटर व आकारणी : बचतीचा विचार सामान्यतः उपकरणांपासून सुरू केला जातो; वस्तुतः तो मीटरपासून सुरू करणे इष्ट. विजेची आकारणी तीन रीतींनी होते. पहिलीत वीज भाड्यातच धरलेली असते. तेथे भाडेकरूस काटकसरीचे कारण नसते, आणि मालक काटकसर घडवितो ती मनाई-हुकुमांनी : हीटर बंद, इस्त्री बंद, दहानंतर मोटर बंद. दुसरीत एका बिलाची डोईप्रमाणे सम विभागणी होते. दिवाळीला महिनाभर गावी गेलेला आणि रात्रभर कूलर चालविणारा यांच्या माथी सारखाच आकार येतो व भांडणे होतात ती बहुधा याच रीतीत. तिसरी रीत सब-मीटरची. जिन्याखालच्या लाकडी फळीवर खोलीगणिक एकेक लहान मीटर बसविलेला असतो आणि महिनाअखेरीस मालक व भाडेकरू दोघे मिळून आकडा वाचतात. पूर्वी तो भिंतीवर पेन्सिलीने लिहीत, आता मोबाईलवर त्याचे छायाचित्र घेतात. वापर व खर्च यांचा थेट संबंध जोडणारी ही एकच रीत असल्यामुळे प्रस्तुत लेखकाच्या मते इतर सर्व उपाय तिच्या खालोखाल येतात.

यात एक अडचण मात्र राज्याच्या सवलत-योजनेतूनच उद्भवते. पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीच्या, जिची कचेरी इंदुरातच पोलोग्राउंड येथे आहे, घरगुती ग्राहकांस आधी इंदिरा व नंतर अटल गृह ज्योती या नावाने चाललेल्या योजनेखाली, मासिक वापर १५० युनिटांच्या आत राहिल्यास पहिल्या १०० युनिटांस १०० रुपये एवढाच आकार पडतो. मर्यादा ओलांडली की सवलत समूळ जाते. चौघांचे एक कुटुंब जी मर्यादा सांभाळू शकते ती दहा विद्यार्थ्यांच्या एका सामाईक मीटरास सांभाळणे जवळजवळ अशक्य असते, मग ते दहाही जण कितीही मितव्ययी असोत. सवलत मीटरास मिळते, माणसास नव्हे.

पाणी तापविणे : हिवाळ्यात बिल चढते ते मुख्यतः याच्यामुळे. अठरा लिटरांची बादली १५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसवर नेण्यास सुमारे अर्धे युनिट लागते, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवण्याची दीड हजार वॅटची रॉड वीस-एकवीस मिनिटे. दहा जणांच्या रोजच्या स्नानास महिन्याला १५० युनिटे, अर्थात सवलतीची संपूर्ण मर्यादा. बोअरच्या जड पाण्याने रॉडवर पांढरी खर साचते व तिने वीज वाया जाते, ही समजूत बरोबर नाही. रॉड पाण्यात बुडालेली असल्याने तिची उष्णता अखेर पाण्यातच उतरते, फक्त रॉड लवकर जळते. खरा अपव्यय झाकण न ठेवण्यात आणि पाणी कढत करून मग त्यात गार पाणी ओतण्यात आहे. गच्चीवरील सौर जलतापक हा उत्तम उपाय, परंतु तो बसविणार मालक आणि लाभ घेणार भाडेकरू, म्हणून क्वचितच आढळतो.

पंखे व कूलर : साधा छतपंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशरहित मोटरच्या) जातीचा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालविल्यास महिन्याला वीस युनिटांचा फरक पडतो. प्रति युनिट आठ रुपये धरले तरी तीन हजारांचा पंखा आपली किंमत भरून काढण्यास दीड वर्षाहून अधिक काळ चालावा लागतो, आणि भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. छतपंख्यांस ऊर्जाबचतीचे तारांकन (स्टार-लेबल) १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. जुन्या खोल्यांतील पंखे अर्थातच त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्या खोल्यांत ठोकळेवजा जुना रेग्युलेटरही भेटतो, जो पंख्याची गती कमी करताना उरलेली वीज स्वतःच तापून खर्च करतो. तो बदलून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसविणे हा सर्वांत स्वस्त उपाय. कूलर कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत उपयोगी, पावसाळ्यात निरुपयोगी. खिडकी बंद करून तो चालविण्याची चूक सार्वत्रिक आहे. मालव्यातील रात्रींच्या गारव्याची 'शब-ए-मालवा' म्हणून असलेली कीर्ती आता गच्चीवर झोपणाऱ्यांपुरतीच उरली आहे.

पाणी : इंदूरचे नर्मदाजल सुमारे ७० किलोमीटरांवरील जलूद येथून पाचशे मीटरांहून अधिक उंची चढवून आणले जाते, पहिला टप्पा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुरा झाला. एक हजार लिटर पाणी एवढे उचलण्यास सैद्धांतिक हिशेबाने दीड युनिटाच्या आसपास आणि पंपांची तूट धरता दोन युनिटांपर्यंत वीज लागते. घरच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत तेच पाणी चढविण्यास त्या मानाने फारच थोडी लागते. तरीही बिऱ्हाडात तक्रार होते ती मोटरचीच, कारण तिचाच आकडा मीटरवर दिसतो. माणशी शंभर लिटर धरल्यास दहा विद्यार्थ्यांच्या पाण्यामागे महिन्याला साठ युनिटे खर्ची पडतात व ती भरते महानगरपालिका, जिने या पंपांसाठी जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्याकरिता फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे विक्रीस काढले. दिवसाआड येणारे पाणी साठवताना टाकी भरून वाहू देणे ही त्यामुळे विजेचीच उधळपट्टी ठरते. टाकीतील तरंगता बॉल-कॉक बदलण्यास मात्र कोणी पुढे होत नाही. नळाला थेट टुल्लू पंप जोडण्यास मनाई आहे.

प्रकाश : एलईडी दिव्यांमुळे हा प्रश्न बव्हंशी संपला आहे.

स्वयंपाक : कॉइलच्या शेगडीस बहुतेक घरमालकांची मनाई, डबा (टिफिन) लावण्याची प्रथा सर्वत्र.

दरवर्गीकरण : विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांस घरगुती दर लावावा की बिगर-घरगुती, आणि राहत्या घरातील चार भाड्याच्या खोल्या कोणत्या वर्गात मोडतात, याविषयी मालक व वीज कंपनी यांची मते जुळत नाहीत; राज्य वीज नियामक आयोगाचे दर-आदेश दरवर्षी निघत असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही.

अध्ययन : देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या खंडवा मार्गावरील परिसरात ऊर्जा व पर्यावरण अध्ययनशाळा असून तेथे ऊर्जा-व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते.