पावसाळ्यात पावडर कोटिंग का बिघडतं? दमट हवा, हवेचा दाब आणि घरच्या कामात घ्यायची काळजी

खिडकीचं ग्रील, सायकलची फ्रेम, मोटारसायकलचं व्हील, लोखंडी गेट. पावडर कोटिंगचं काम आता छोटी गन, एक कॉम्प्रेसर आणि जुना इलेक्ट्रिक ओव्हन एवढ्यावर घराशेजारच्या शेडमध्येही होऊ लागलं आहे. अंधेरी-साकीनाका, घाटकोपर, मुलुंड भागातल्या गाळ्यांत काम शिकून गावी परतलेले अनेक तरुण हा जोडधंदा करू पाहतात. उन्हाळ्यात काम छान उतरतं. जून लागला की मात्र तीच गन, तीच पावडर आणि तोच हात असूनही जॉबवर फोड येतात, बारीक भोकं पडतात, दोन महिन्यांत कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं. गिऱ्हाईक जॉब परत आणतं. मग पुन्हा घासा, पुन्हा पावडर, पुन्हा वीज. कमाई तिथेच जाते.

आधी काम कसं होतं ते पाहू

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतो. गनमधून सुटणाऱ्या कोरड्या पावडरीला विजेचा भार मिळतो आणि अर्थिंग केलेल्या लोखंडाकडे ती ओढली जाते. नंतर जॉब ओव्हनमध्ये जातो. साधारणपणे धातू २०० अंश सेल्सिअसला पोचल्यावर १० मिनिटं ठेवतात. पावडर वितळते, पसरते आणि कडक होते. नेमकं तापमान आणि वेळ पावडरीच्या खोक्यावर लिहिलेली असते, तीच पाळायची. साधारण थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. एवढ्या पातळ थराखाली पाण्याचा अंश राहिला, तर ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि थर फोडून बाहेर येते.

मुंबई उपनगरांतली हवा

मोसमी पाऊस मुंबईत दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये उपनगरांतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतला दमटपणा, बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर राहतो. पावडर कोटिंगला साधारण ४० ते ६० टक्के हवा मानवते. म्हणजे वर्षातले जवळपास चार महिने उपनगरांतली हवा या कामाच्या विरोधात असते. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालाही हेच लागू आहे.

पाणी तीन वाटांनी शिरतं

*पहिली वाट: पावडर.* उघडी पावडर दमट हवेत ओल धरते आणि तिचे गोळे होतात. गन अडकत अडकत मारते, मध्येच गोळा थुंकते. ओलसर पावडरीवर भारही नीट टिकत नाही, त्यामुळे कोपरे कोरडे राहतात. एसी खोलीतलं थंड खोकं दमट शेडमध्ये आणून लगेच उघडलं, तर आत दव धरतं. पिशवीचं तोंड बांधलेलं ठेवून खोकं शेडच्या तापमानाला येऊ द्यावं, मगच उघडावं. ओली पावडर ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात वाळवू नये. ५०-६० अंशांच्या आसपास ती मऊ पडून चिकटू लागते.

*दुसरी वाट: धातू.* हवा २८ अंश आणि दमटपणा ८५ टक्के असेल, तर सुमारे २५ अंशांवर दव पडतं. रात्रभर थंड फरशीवर पडलेला जॉब त्याहून थंड असू शकतो. डोळ्यांना दिसणार नाही असा पाण्याचा थर त्यावर बसतो. घासून साफ केलेलं उघडं लोखंड अशा हवेत काही तासांत लालसर पडतं. त्या गंजावर कोटिंग धरत नाही. गाळ्यांत ‘सेव्हन टँक’ करतात ते यासाठीच: तेल काढणं, गंज काढणं, मधली धुलाई आणि फॉस्फेटचा थर देणं. पण धुतलेलं पाणी पोकळ पाइपात, बिजागरीत, वेल्डिंगच्या फटीत अडकतं. गेटवर सांध्याजवळच फोड येतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

*तिसरी वाट: कॉम्प्रेसर.* याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

कॉम्प्रेसर हवेतून पाणी पिळतो

३० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ धरते. जुलैतल्या ८५ टक्के दमट हवेत ती सुमारे २६ ग्रॅम असते. कॉम्प्रेसर ७ बारला अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरात दाबतो. आठ घनमीटरातलं पाणी झालं २०० ग्रॅमच्या वर. थंड झाल्यावर त्या एका घनमीटरात वाफ राहते ३० ग्रॅमच. उरलेलं सगळं टाकीत आणि पाइपात पाणी होऊन पडतं. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारा लहान कॉम्प्रेसर तासभर चालला, तर सव्वाशे ग्रॅमहून जास्त पाणी जमा होतं. टाकी रोज रिकामी केली नाही, तर त्यातलं पाणी गनपर्यंत पोचतं.

तपासणी सोपी आहे. पावडर न भरता हवेचा झोत मिनिटभर स्वच्छ आरशावर किंवा पांढऱ्या कपड्यावर मारा. ठिपके दिसले, तर हवेत पाणी किंवा तेल आहे. त्या दिवशी जॉब हातात घेऊ नका.

मग हवेचा दाब?

पाऊस येण्याआधी वातावरणाचा दाब उतरतो, म्हणून दाबामुळेच काम बिघडतं असा अनेकांचा समज असतो. मुंबईत जुलै आणि जानेवारीच्या दाबात फरक पडतो तो साधारण एक टक्क्याचा. त्याने पावडरीला काहीही होत नाही. दाब उतरतो तेव्हा दमट हवा आलेली असते, बिघडवते ती. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. तिथे टाकी भरायला कॉम्प्रेसरला जास्त वेळ लागतो, एवढंच.

सांभाळायचा दाब असतो गनचा. लहान घरगुती गन बहुधा १० ते २० पीएसआयवर चालतात. आकडा गनच्या पुस्तिकेत पाहावा. दाब जास्त झाला की पावडर जॉबवर आदळून उडून जाते. कमी झाला की गुठळ्या पडतात. वर-खाली होत राहिला तर थर कुठे जाड, कुठे पातळ येतो. म्हणून रेग्युलेटर हवाच.

पावसाळ्यात काम करताना

* शेडमध्ये आर्द्रतामापक लावा. लहान मापक काही शे रुपयांत मिळतो. ७० टक्क्यांच्या वर गेला तर महागाचा जॉब थांबवा.
* कोटिंगआधी जॉब ओव्हनमध्ये १०० अंशांच्या वर तापवून पाणी उडवा. हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्या आणि लगेच पावडर मारा.
* पोकळ पाइपाचं तोंड खाली ठेवून जॉब टांगा.
* टाकीचा नळ सकाळ-संध्याकाळ उघडा. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून न लावता काही मीटर पाइपानंतर लावा. गरम हवेतली वाफ फिल्टरमधून तशीच निघून जाते, थंड झाली तरच अडते. रोजचं काम असेल तर एअर ड्रायर घेणं परवडतं.
* पावडर लागेल तेवढीच काढा. पिशवी घट्ट बांधा, खोकं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. गोळे दिसले तर चाळून घ्या.
* पावडर मारलेला जॉब रात्रभर टांगून ठेवू नका, लगेच ओव्हनमध्ये घाला.

फार कोरडी हवाही चालत नाही

देशावर, विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी दमटपणा २०-३० टक्क्यांवर येतो. तेव्हा पावडर गनला आणि डब्यालाच चिकटते, जॉबवर ज्यादा भार साचून थर संत्र्याच्या सालीसारखा होतो. तिथे सकाळी लवकर काम घ्यावं, जमिनीवर पाणी शिंपडून हवा थोडी दमट करावी. मात्र गन चालवताना पायाखाली ओल नको.

जिवाशी खेळ नको

हवेत उडालेली पावडर ठिणगीने पेट घेते, बंद खोलीत स्फोटही होऊ शकतो. गॅस, चूल, विडी-सिगारेट आणि वेल्डिंग लांब ठेवा, हवा खेळती ठेवा, तोंडाला मास्क लावा. जॉब आणि गनचं अर्थिंग पक्कं असू द्या. ओल्या फरशीवर उभं राहून गन चालवू नका. ओव्हन एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. कोटिंगला वापरलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही खाण्याचा पदार्थ करू नका.

पाऊस थांबवता येत नाही. पण जॉब, पावडर आणि कॉम्प्रेसरची हवा या तीन गोष्टी कोरड्या ठेवल्या, तर श्रावणातही गेट परत येणार नाही.