पाहुण्याचा अखेरचा निरोप

डोंबिवलीच्या फलाटावरून मालगाडी धडधडत जाते, तेव्हा आपले लक्ष इंजिनाकडे असते. रेल्वेचा कर्मचारी मात्र परंपरेने शेवटच्या डब्यामागची ‘एलव्ही’ ही अक्षरे पाहतो. ती दिसली, तर गाडी अखंड आली. न दिसली, तर काही डबे मागे सुटले असावेत असे धरून मागची वाहतूक रोखायची. १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोहोचलेल्या या लोहमार्गाने आपल्याला शिकवलेला हा एक धडा : अभाव हाही संकेत असतो.

संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न निराळ्या रूपात आला. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे, आणि प्रत्येकाला वाटे की सारे घर आपलेच. असा पाहुणा आतल्या आत कोसळला, तर यजमानाला कळावे कसे? सावरण्यापलीकडची चूक झाली की पाहुणी प्रणाली बाहेरच्या सर्व हाकांना दार लावून थांबून राही. जो कोणतीच हाक ऐकणार नाही तो जागाही होणार नाही, हे यजमान ओळखे आणि तसा संदेश पडद्यावर देई. येथे मौनाचाच अर्थ लावला जात होता.

पुढे पाहुण्याला वाचा मिळाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या झेन प्रणालीत तो बंद होण्याचे कारण सांगू लागला. तेथे ‘कोसळलो’ याचा अंक ३. क्यूईएमयूत २०१३ साली ‘पीव्हीपॅनिक’ हे छोटे उपकरण आले. मरता मरता पाहुण्याने ठरलेल्या द्वारावर एक अंक लिहायचा, एवढेच. मग यजमान त्याला पुन्हा उभा करील, नष्ट करील किंवा पंचनाम्यासाठी त्याची स्मृती जशीच्या तशी राखील.

पण ही साक्ष देण्यासाठी ‘मी संपलो’ याचे भान शिल्लक असावे लागते. जो केवळ गोठतो, त्याला ते भान नसते. त्याच्यासाठी पहारेकरी घड्याळ लागते : ठरल्या वेळी खूण आली नाही की ते यजमानाला जागे करते. म्हणजे एवढ्या प्रवासानंतरही आपण मौन वाचण्यापाशीच परत येतो.

साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. ज्यांना आपली कहाणी सांगता आली त्यांचीच कागदपत्रे आपण चाळतो. ज्यांची खूण आलीच नाही त्यांची वाट पाहणारे घड्याळ आपल्यापाशी आहे का?