खळ, पाजणी आणि नक्षा : संभाजीनगर परिसरातील कागद-कापडाची पूर्वतयारी

कागदावर आणि कापडावर नक्षी उमटते ती अगदी शेवटी. छत्रपती संभाजीनगरच्या आसमंतात हे दोन्ही धंदे काही शतके शेजारी-शेजारी नांदले. दोहोंतही कारागिराचे बहुतेक दिवस जात ते चिंध्या कुजवण्यात, लगदा धुण्यात, सूत पाजण्यात, रेशीम उकळण्यात आणि नक्ष्याच्या दोऱ्या बांधण्यात. रंगाला आणि सोन्याला हात लागे तो हे सगळे उरकल्यावर. इथल्या हिमरू कापडाचे आणि पोथ्यांचे कौतुक पुष्कळ झाले. या आधीच्या कामाची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली, आणि खरे कौशल्य तिथेच होते.

या धंद्यांचा उगम परंपरेने एकाच घटनेशी जोडला जातो. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि गावाचे नाव दौलताबाद ठेवले. त्या स्थलांतरात कागद करणारे आणि विणकरही आले, अशी समजूत आहे. काही वर्षांनी राजधानी माघारी गेली, पण कारागिरांपैकी बरेच जण इथेच राहिले. दौलताबाद आणि खुलदाबादच्या दरम्यान असलेले कागजीपुरा हे गाव आपल्या नावातच तो धंदा सांगते. पुढे 1610 मध्ये मलिक अंबराने खडकी वसवली आणि नहरींनी गावात पाणी खेळवले. औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याच खडकीचे औरंगाबाद झाले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. मोगलांच्या दख्खन सुभ्याचे मुख्य ठाणे म्हटले की दफ्तर आले, दफ्तराला कागद आला, दरबाराला पोशाख आले. चिंध्या, चुना, पाणी आणि गिऱ्हाईक या चारही गोष्टी एका दिवसाच्या वाटेत मिळाव्यात, असे ठिकाण दख्खनेत विरळाच.

कागदाचा कच्चा माल म्हणजे टाकाऊ वस्तू. जुने कापड, फाटकी गोणपाटे, तागाचे आणि अंबाडीचे झिजलेले दोर तुकडे करून भिजवत, चुन्याच्या पाण्यात घोळवत आणि ढीग घालून कुजायला ठेवत. मग ढेकी चाले. एका टोकाला जड लाकडी मुसळ आणि दुसऱ्या टोकावर माणसाचा पाय, अशी ही तुळई. तिच्याखाली माल कुटला जाई, वाहत्या पाण्यात धुतला जाई, पुन्हा चुना लागे आणि पुन्हा कुटाई होई. गाठ राहिली तर बोरूची टोके तिथे अडखळतात. म्हणून कुटणाऱ्याला आणि धुणाऱ्याला घाई करून चालत नसे.

तयार लगदा हौदात पाण्यात मोकळा केला जाई. कागद करणारा, म्हणजे कागदी, हौदाच्या काठाशी बसे. लाकडी चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची चटई अंथरून तो ती पाण्यात बुडवी आणि आडवी वर उचली. उचलताना चौकटीला जो हलका हिसका द्यायचा, त्यावर तंतू सारखे पसरणे अवलंबून असे. चटईवरचा ओला ताव आधीच्या तावावर पालथा पडे. चळत झाली की दगडांच्या भाराखाली पाणी काढत आणि एकेक ताव चुना लावलेल्या गुळगुळीत भिंतीवर ब्रशाने चिकटवून वाळवत. भिंतीला लागलेली बाजू आपोआपच नितळ निघे.

असा कागद अजून लिहिण्याजोगा नसे, टीपकागदासारखा शाई पिऊन टाकी. त्याला खळ चढवावी लागे. तांदळाची किंवा गव्हाची पातळ खळ एका बाजूला लावायची, ताव दोरीवर वाळवायचा, मग दुसरी बाजू. त्यानंतर घोटाई. लाकडी फळीवर ताव पसरून अकीकाच्या किंवा तशाच गुळगुळीत दगडाने तो जोर लावून घासला जाई. घोटलेल्या तावावर शाई पसरत नाही, बोरू सरकन फिरतो आणि चुकलेले अक्षर ओल्या फडक्याने पुसता येते. जुन्या पोथ्यांचे पान तिरपे धरले तर ही झिलई आजही दिसते, आणि घोटणी कोणत्या दिशेने फिरली त्याच्या फिकट रेषाही.

या पायावर मग सजावट उभी राहिली. औरंगाबादेत 1650 मध्ये भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ची एक सचित्र प्रत तयार झाली. ती मोगलांच्या सेवेत दख्खनेत आलेल्या मेवाडच्या एका राजपूत सरदारासाठी केलेली होती. राजस्थानी वळणाची चित्रे आणि दख्खनी रंग अशा मिलाफामुळे औरंगाबादच्या चित्रकलेचा विचार करताना अभ्यासक याच प्रतीपासून सुरुवात करतात. असे चित्र काढण्याआधी दोन-तीन ताव एकमेकांवर चिकटवून जाड वसली करावी लागे. त्यावर पांढऱ्याचा पातळ हात देऊन ती पालथी घालत आणि मागून घोटत. रंगाचे थर अधूनमधून घोटले, म्हणजे मीन्यासारखी चमक येई.

सनदा आणि किताबांसाठी सोन्याचा वर्ख शिंपडलेला अफशानी कागद लागे. ओल्या खळीवर वर्खाचे कण चाळणीतून पाडत आणि वाळल्यावर घोटून बसवत. दख्खनेत आणखी एक प्रकार बहरला, तो म्हणजे अबरी. चिकट पाण्यावर रंगाचे थेंब तरंगवायचे, कंगव्याने किंवा काडीने त्यांना वळणे द्यायची आणि तुरटीचा हात दिलेला कागद अलगद टेकवून ते उचलायचे. मेथीचे दाणे भिजवूनही असे चिकट पाणी तयार होते. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी घोडे आणि स्वार या अबरीतच चितारले. इतर ठिकाणी अबरी बहुधा पुस्तकाच्या अस्तरापुरती आणि समासापुरतीच राहिली होती. दख्खनेत ती चित्राचे माध्यम झाली, हे विशेष.

या तयारीचे मराठीतले फार मोलाचे साक्षीपत्र समर्थ रामदासांचे आहे. रामदास मराठवाड्यातलेच, जन्म 1608 मध्ये जांब इथला, आजच्या जालना जिल्ह्यातला. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी लेखनक्रियेलाच वाहिला. अक्षर कसे काढावे इथून सुरुवात करून ते बोरू, शाई, कातर, खळ, घोटाई, हिंगूळ, बासने आणि मेणकापड इथपर्यंत येतात. अध्यात्माच्या ग्रंथात साहित्याची जमवाजमव इतक्या आस्थेने यावी, यातच त्या काळी पोथी तयार करणे किती गंभीरपणे घेतले जाई ते कळते. पोथ्यांत हिंगुळाने तांबडे दंड आणि समास आखत, चुकलेल्या ओळीवर हरताळ देत. हरताळ विषारी असल्यामुळे कसरीपासूनही पानांचा बचाव होई.

कापडाकडे वळले की हीच कहाणी सुताच्या भाषेत येते. औरंगाबादची ओळख झालेले हिमरू हे किनखापाच्या धर्तीचे, पण स्वस्त आणि अंगाला सुखाचे कापड. त्याचा ताणा सुती असतो आणि नक्षी रेशमाच्या जादा बाण्याने उठवतात. ते जादा धागे मागच्या बाजूला मोकळे सुटत असल्याने कापडाला ऊब आणि भरीवपणा येतो. मशरूत रेशमी ताणा वर आणि सुती बाणा खाली राहतो, म्हणून चकाकी बाहेर दिसते आणि अंगाला सूत लागते. पुरुषाने अंगाला शुद्ध रेशीम लावू नये या इस्लामी संकेताला धरून हे वस्त्र लोकप्रिय झाले.

माग चालू होण्याआधीची कामे लांबलचक होती. रेशमाचा नैसर्गिक डिंक घालवण्यासाठी लडी पापडखाराच्या पाण्यात उकळत, त्याशिवाय रंग धरत नसे. रंग नीळ, लाख, हळद आणि डाळिंबाच्या सालीचे. तुरटी बहुतेक ठिकाणी आधी लागे. सुती ताण्याला पाजणी करावी लागे. सूत दूरवर ताणून त्याला खळ लावायची आणि कुंच्याने सारखे करत वाळवायचे. पाजणी कमी पडली तर फणीच्या घासणीने धागे तुटतात, जास्त झाली तर कडक होऊन तडकतात. कागजीपुऱ्यात कागदाला जी खळ लागत होती, तीच शहरातल्या विणकरांच्या गल्ल्यांत सुताला लागत होती.

सर्वांत अवघड काम नक्ष्याचे. आधी चौकटी आखलेल्या कागदावर वेल, बदाम, डाळिंब, कमळ किंवा अजिंठ्याच्या छतावरचे हंस चितारत. एक चौकट म्हणजे एक धागा किंवा ठरावीक धाग्यांचा जुडगा. नक्षबंद तो कागद समोर ठेवून उभ्या धाग्यांत आडव्या दोऱ्या ओवी. जो धागा वर उचलला जायचा तो दोरीच्या वर, बाकीचे खाली. अशा प्रत्येक ओळीची एक दोरी होई आणि पूर्ण नक्ष्यात शेकडो दोऱ्या जमत. हे जाळे मागाला बांधले की विणकराशेजारी बसलेला पोरगा क्रमाने एकेक दोरी ओढी. ठरलेले धागे वर येत, विणकर रंगीत रेशमाचा धोटा फेकी. विणणाऱ्याला चित्र आठवावे लागत नसे, ते गाठींत बांधलेले असे आणि एकदा बांधलेला नक्षा दुसऱ्या मागावरही चढवता येई. विसाव्या शतकात जॅकार्डच्या भोकाच्या पत्त्यांनी नेमके हेच काम हाती घेतले आणि दोरी ओढणाऱ्या पोराची गरज संपली.

पैठणीचा मार्ग निराळा. तिच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते आणि विणकर धागे मोजत हाताने ते एकमेकांत गुंतवतो. तिची मेहनत जरीच्या तयारीत होती. चांदीच्या कांडीला सोन्याचा मुलामा द्यायचा, ती लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत केसाएवढी तार करायची, ती ठोकून चपटी करायची आणि रेशमावर गुंडाळायची.

या धंद्यांत शिकवणी कामातूनच होई. मुले दोरी ओढत नक्षा शिकत, कागद्याच्या घरात लगदा धूत हात तयार होई. पाजणी, कांड्या भरणे, ताव वाळवणे ही कामे घरातल्या बायका करत. विकल्या गेलेल्या मालावर त्यांच्यापैकी कुणाचेही नाव नसे.

पुढे दोन्ही धंद्यांचा आधार सुटला. गिरणीच्या कागदामुळे दफ्तरांचे गिऱ्हाईक गेले. हिमरूला निजामाच्या राज्यात शेरवानी घालणारे गिऱ्हाईक उरले होते. 1948 च्या पोलीस कारवाईने आणि 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्याने तेही पांगले. मग हिमरूच्या शाली आणि चादरी झाल्या आणि वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या प्रवाशांवर धंदा तगला. हातकागदाला नवी उभारी मिळाली ती महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकातून. 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कागदाचे प्रयोग झाले. के. बी. जोशी यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी केली. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिलेली कृती तेव्हा पहिल्यांदा मापांसह वर्गात शिकवता येऊ लागली. कागजीपुऱ्यातही पुढे ढेकीच्या जागी यंत्र आले आणि चिंध्यांच्या जागी होजिअरीची कात्रणे. फुलांच्या पाकळ्या व रंगीत धागे घातलेले ताव तिथे निघू लागले.

आज कागद-कापड सजावटीचा वर्ग घेणाऱ्याला या जुन्या तयारीतून दोन उलट नियम हाताशी येतात. हातकागदावर अबरी, छापा किंवा शाईचे काम करायचे असेल, तर त्याला खळ चढलेली आहे ना, हे एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावे. थेंब लगेच जिरला तर आदल्या दिवशी खळ लावून ताव वाळवावेत. कोऱ्या मांजरपाटाचे उलटे आहे. त्यावरची मागाची खळ रंगाला आड येते. म्हणून ते रात्रभर भिजवावे, सोड्यात उकळावे आणि स्वच्छ धुवावे. नैसर्गिक रंग वापरायचे तर मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावे. अशा कापडावर तुरटीचा ठसा मंजिष्ठेत तांबडा येतो, आणि गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून केलेल्या द्रवाचा ठसा काळा. अबरीचे मेथीचे पाणीही आदल्या दिवशीच भिजवून गाळून ठेवावे, ताज्या पाण्यातले बुडबुडे कागदावर पांढरे डाग सोडतात. नक्ष्यासाठी चौकटीचा कागद आणि दोन रंगांचा जाड दोरा पुरतो. लहान चौकटीवर विद्यार्थ्याने आठ-दहा ओळींचा एक बदाम स्वतः बांधून पाहिला, तर जॅकार्डचा पत्ता कसा वाचायचा हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.