सळईवरचे दोन बोटे काँक्रीट

छत्रपती संभाजीनगरची छावणी ही खाम नदीपलीकडची जुनी लष्करी वस्ती. इथल्या काही बंगल्यांनी शंभरी ओलांडली आहे. काळ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्याचे दर्जे, उंच छत. गेल्या पावसाळ्यात जवळच्याच एका शाळेतले विज्ञानाचे शिक्षक वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुकडा घेऊन माझ्याकडे आले. वर्गाच्या स्लॅबचा खालचा पोपडा मधल्या सुट्टीत पडला होता. वर्ग रिकामा होता, म्हणून निभावले. तुकड्याच्या आतल्या बाजूला सळईच्या आकाराची खाच होती आणि तिच्यात तांबूस-तपकिरी गंज भरला होता.

"इमारत पस्तीस वर्षांचीही नाही," ते म्हणाले. "शेजारचा चुन्याचा बंगला मात्र शाबूत. समुद्रकाठच्या इमारतींचे असे होते हे ऐकून होतो. पण आपल्याकडे समुद्र कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला समुद्रावरच जावे लागेल, कारण काँक्रीटच्या घराचे आयुष्य कशावर ठरते हा धडा महाराष्ट्राने मुंबईच्या किनाऱ्यावर गिरवला आहे.

चुना, सिमेंट आणि सळई

आधी थोडे रसायनशास्त्र. चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, वाळूबरोबर घाणीत मळून दर्जात भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची हळूहळू पुन्हा चुनखडी होते. म्हणजे चुन्याच्या बांधकामाला हवेतला हा वायू घट्ट करतो.

१८२४ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. सिमेंट पाण्याशी संयोग पावून कठीण होते, त्यासाठी त्याला हवेची वाट पाहावी लागत नाही. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही. म्हणून त्यात लोखंड घालण्याची कल्पना पुढे आली. जोसेफ मोनिए या फ्रेंच बागाईतदाराने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या कुंड्यांचे पेटंट घेतले आणि १८९२ मध्ये फ्रांस्वा एनेबिक याने खांब, तुळई व स्लॅब एकसंध ओतण्याची पद्धत पेटंट केली.

लोखंड दमट हवेत गंजते. मग काँक्रीटमध्ये का गंजत नाही? सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. त्यामुळे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्याचा सामू १२.५ ते १३ इतका राहतो. अशा तीव्र अल्कधर्मी परिसरात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि पुढचे गंजणे जवळजवळ थांबते. हे कवच आहे तोवर सळई सुरक्षित.

ते दोन प्रकारांनी मोडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपून अल्क संपवतो आणि सामू ९ च्या खाली येतो. चुन्याचा मित्र असलेला वायू इथे शत्रू होतो! दुसरा शत्रू म्हणजे मिठातले क्लोराइड. सामू चांगला असला तरी ते कवचाला जागोजागी भोके पाडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असते. तो आतून रेटा देतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर पडते आणि शेवटी पोपडा निघतो. शिक्षकांनी आणलेला तुकडा हाच.

एकाच खात्याची दोन अपत्ये

१९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात मुंबईत विकास खाते स्थापन झाले. त्याच्याकडे दोन मोठी कामे होती. बॅक बे येथे समुद्र हटवून जमीन काढायची आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. चाळींच्या खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला.

दोन्ही योजना अर्ध्यावर आल्या. भरावाचे काम खर्चाच्या अंदाजांवरून वादात सापडले. के. एफ. नरिमन यांनी त्यावर जाहीर टीकेची झोड उठवली आणि आठपैकी चारच विभाग पुरे झाले. चाळी झाल्या त्या २०७. त्यांपैकी १२१ वरळीला, बाकीच्या नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामायिक. याच बीडीडी चाळी. झटपट आणि स्वस्त घरे हवी होती, म्हणून काँक्रीट निवडले गेले. सुरुवातीला अनेक खोल्या रिकाम्याच राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवण्यासाठी वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंगही झाला.

बॅक बेच्या भरावावर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मरीन ड्राइव्ह आणि त्यामागची घरांची रांग उभी राहिली. अर्धगोल गॅलऱ्या, खिडक्यांवरचे पातळ लांब छज्जे, आगबोटीसारखे कठडे ही आर्ट डेको शैली काँक्रीटमुळेच शक्य झाली. देशी सिमेंटही आता मुबलक होऊ लागले होते. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये उत्पादन सुरू झाले होते आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या मिळून एसीसी बनली. मुंबईच्या या वास्तुसमूहाचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

एकीकडे गिरणी कामगाराची १६० चौरस फुटांची खोली, दुसरीकडे श्रीमंतांचे समुद्रदर्शनी घर. खारा वारा भाडे विचारत नाही. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यांतले मीठ भिंतींवर बसते आणि ओलाव्याबरोबर आत शिरते. मुंबईत कित्येक दशके खाडीची रेती बांधकामाला वापरली गेली. ती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही, तर मीठ पहिल्या दिवसापासूनच काँक्रीटच्या पोटात असते.

माहिती होती, नियम नव्हता

हे कोणाला ठाऊक नव्हते काय? १९१७ मध्येच विग आणि फर्ग्युसन या अभियंत्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरील काँक्रीटची पाहणी प्रसिद्ध केली होती आणि सळयांच्या गंजण्याकडे लक्ष वेधले होते. बीडीडी चाळींच्या आधी तीन वर्षे! पण काँक्रीटचे कौतुक त्याच्या ताकदीसाठी होते. ताकद महिन्याभरात मोजता येते. टिकाऊपणा कळायला तीस-चाळीस वर्षे लागतात, आणि तोवर बांधणारा निघून गेलेला असतो. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकू लागल्यावर पूल खराब होऊ लागले. मग १९६० नंतर क्लोराइडवरचे संशोधन जोमाने सुरू झाले.

आपले भारतीय मानक आयएस ४५६ प्रथम १९५३ मध्ये आले. १९७८ च्या आवृत्तीत समुद्राच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या कामासाठी जादा आवरणाची सूचना होती, पण नेहमीच्या स्लॅबला सळईवर १५ मिलिमीटर आवरण पुरेसे मानले होते. २००० च्या आवृत्तीने टिकाऊपणाला पुढचे आसन दिले. परिसराचे पाच वर्ग पाडले. सौम्य परिसरात आवरण २० मिलिमीटर, किनाऱ्यावरच्या हवेत ४५, तर जिथे लाटांचे तुषार येतात तिथे ५०. सोबत पाणी-सिमेंट प्रमाणावर मर्यादा, कारण जादा पाणी उडून गेल्यावर मागे छिद्रे उरतात.

हे मिलिमीटर इतके मोलाचे का? कार्बन डायऑक्साइड आत शिरण्याची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आवरण दुप्पट केले तर सळईपर्यंत पोचायला दुप्पट नव्हे, चौपट काळ लागतो. उलट बाजूने पाहा: गवंड्याचा पाय पडून सळई खाली दबली आणि ४० मिलिमीटरचे आवरण २० झाले, तर संरक्षणाचा काळ एक चतुर्थांशावर आला. सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक अगदी स्वल्प किमतीचे असतात. घाईत तेच विसरले जातात.

मग प्रश्न दुरुस्तीचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यात भाडेकरूंचे रक्षण झाले, पण दुरुस्तीसाठी पैसा आणि इच्छा दोन्ही आटले. वरवर सिमेंटचा गिलावा मारून भागवले जाई. मीठ शिरलेले काँक्रीट मागेच राहिल्याने थिगळाच्या कडेला गंज पुन्हा सुरू होतो. वरळीच्या चाळींच्या जागी नवे मनोरे उभे राहत असून २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या कुटुंबांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मरीन ड्राइव्हच्या घरांना वारशाचे नाव लाभले. तीही जपायची तर हीच लढाई आहे.

आपल्याकडे समुद्र नाही, पण…

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे. मराठवाड्यात खारा वारा नाही, पण कार्बन डायऑक्साइड सर्वत्र आहे. मध्यम दमट हवेत तो काँक्रीटमध्ये सर्वांत वेगाने शिरतो आणि पावसाळ्यात गळणारा स्लॅब गंजायला लागणारे पाणी पुरवतो. विंधन विहिरीचे पाणी खारट असेल तर क्लोराइडही येते. सळईच्या काँक्रीटसाठी मानकाने मिसळण्याच्या पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे. आणि छावणीतले बंगले टिकले त्याचे एक कारण साधे आहे: त्यांच्या भिंतींत गंजायला सळईच नाही. म्हणून चुना श्रेष्ठ आणि सिमेंट कनिष्ठ असे ठरत नाही. पडून गेलेली चुन्याची घरे आज मोजायला उरलेली नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

हे वर्गात दाखवता येईल. दोन बाटल्यांत चुन्याची निवळी घ्या. एकीत लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे समुद्राइतके, मीठ विरघळवा. दोन्हींत घासून लख्ख केलेला खिळा टाकून बुचे लावा आणि काही आठवडे नोंद ठेवा. निवळी डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. दुसरा प्रयोग पडलेल्या तुकड्याचा. तो फोडून ताज्या पृष्ठावर फिनॉल्फ्थॅलीन टाका. गुलाबी होईल तिथे अल्क शिल्लक आहे, रंग येणार नाही तिथे संपला आहे.

शिक्षकांच्या तुकड्यावर आम्ही हेच केले. सळईच्या खाचेपर्यंत कुठेही गुलाबी छटा आली नाही. मोजपट्टी लावली, तर आवरण होते १२ मिलिमीटर, म्हणजे एक बोटभरही नाही. त्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिले: वर्ग दुसरीकडे हलवावा, स्लॅबची तपासणी अभियंत्याकडून करून घ्यावी, नुसता गिलावा मारू नये. पत्राला त्यांनी तुकडा जोडला आणि मुलांनी काढलेली मापेही.